पहिलीच्या पोराच्या फॉर्ममध्ये नोकरभरतीवाले कुठून आले?

शाळकरी पोराला आयुष्यभराचा एकच शैक्षणिक नंबर देणाऱ्या केंद्राच्या अपार योजनेच्या संमतीपत्राचा कागद तुम्ही नीट वाचलाय का? घरात शाळेत जाणारं पोर असेल तर सही बहुतेक केलेलीच असणार, शाळेच्या ग्रुपवर मेसेज आला असेल की उद्या अकरापर्यंत भरून पाठवा, आणि तुम्ही डब्याच्या गडबडीत पेन शोधून सही ठोकली असेल. पण एकदा वाचा. सुरुवातीला आधारवरून ओळख पटवायला शिक्षण मंत्रालयाला परवानगी देतो वगैरे नेहमीचं आहे, मग एक वाक्य येतं की मुलाचं नाव, पत्ता, वय, जन्मतारीख, लिंग आणि फोटो ही माहिती शैक्षणिक कामातल्या संस्थांना उपलब्ध करून दिली जाऊ शकते, आणि या संस्था म्हणजे कोण तर यूडायस प्लस, म्हणजे शाळांच्या माहितीचं केंद्राचं पोर्टल, शिष्यवृत्त्या, शिक्षणसंस्था, आणि सगळ्यात शेवटी रिक्रूटमेंट एजन्सी. म्हणजे नोकरभरतीवाले. पोर पहिलीत आहे हो. त्याला अजून ‘ळ’ काढताना जीभ बाहेर येते.

मी जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवते. तालुक्याचं नाव राहू दे, मराठवाड्यातला ऊसतोडीचा भाग आहे एवढं पुरे. कॉम्प्युटरचं थोडंफार जमतं म्हणून कधीतरी ‘तंत्रस्नेही शिक्षक’ असा शिक्का बसला आणि तेव्हापासून शाळेतली सगळी पोर्टलं माझ्या गळ्यात आहेत, सरल आहे, यूडायस प्लस आहे, पोषण आहाराची रोजची नोंद आहे, अपार आहे, आणि मधेच कुठलीतरी गुगल लिंक येते जिच्यात तीच माहिती पुन्हा भरायची असते, वर ‘अतितात्काळ’ लिहिलेलं. तेव्हा हे जे लिहितेय ते बाहेरून बघणाऱ्या माणसाचं नाही, ही माहिती स्वतःच्या हाताने वर पाठवणाऱ्या बाईचं आहे.

आणि आधीच सांगते, मी माहिती गोळा करण्याच्या विरोधात नाही. कशी असेन? दसरा झाला की आमच्याकडे टोळ्या निघतात, मुकादमाची उचल घेतलेली असते, कोयता जोडीने जायचं असतं, मग पोरं कुणाकडे ठेवणार, आजी असली तर ठीक, नाहीतर चला बरोबर ट्रॅक्टरवर बसून. कुणी सांगली-कोल्हापूरकडे, कुणी पार बेळगावच्या बाजूला. पूर्वी काय व्हायचं, पोर गेलं की हजेरीत लाल शाईच्या रेघा, एप्रिलमध्ये परत आलं की वाचायचं विसरलेलं, आणि मधल्या काळात ते कुठे होतं, कुठल्या साखरशाळेत बसलं की नुसतं उसाचं वाढं गोळा करत फिरलं, कुणाला पत्ता नाही. शिक्षण हमी कार्ड निघालं ते याच्यासाठीच, चांगली कल्पना होती, पण तो कागद खोपीत पावसात भिजतो नाहीतर हरवतो. सरल हे विद्यार्थ्यांच्या नोंदीचं पोर्टल आपल्या राज्याचं, त्यामुळे पोर कर्नाटकात गेलं की तिथल्या गुरुजींना त्याचा काय उपयोग? यूडायस प्लसला २०२२-२३ पासून एकेका मुलाची नोंद व्हायला लागली, प्रत्येकाला पेन, म्हणजे कायमचा शिक्षण नंबर आला, आणि तो देशभर चालतो. तिकडच्या शाळेने तो नंबर टाकून पोराला आपल्याकडे ओढून घेतलं की मला इकडे दिसतं, हां, पोरगी शाळेत बसतेय. दिसलं की बरं वाटतं, खोटं कशाला बोलू. आणि जिचं नाव कुठल्याच शाळेने ओढलं नाही ती ड्रॉपबॉक्समध्ये पडते, मग तिला शोधायला फोन लावता येतात. पोर शोधायला आकडा लागतोच.

शाळेतली नोंद माणसाच्या मागे आयुष्यभर फिरते हेही काही आपल्याला नवीन नाही. तुमच्या ओळखीतल्या साठी-सत्तरीतल्या माणसांच्या जन्मतारखा विचारून बघा, दर चार-पाच जणांत एक तरी १ जून निघेल. आई म्हणायची मोठ्या पुराच्या साली झाला, गुरुजी पोराकडे बघून अंदाज बांधायचे आणि शाळा सुरू व्हायच्या हिशोबाने १ जून टाकून द्यायचे. ती तारीख मग दाखल्यावर, दाखल्यावरून नोकरीच्या सेवापुस्तकात, आणि शेवटी दरवर्षी ३१ मेला सरकारी ऑफिसांत निरोप समारंभांची रांग. एका गुरुजीने दोन मिनिटांत टाकलेली तारीख, आणि माणूस कधी रिटायर होणार ते तिथेच ठरलं! दुसरं उदाहरण तर अगदी परवाचं. २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदी शोधायचं काम निघालं तेव्हा जुन्या शाळांची जनरल रजिस्टरं कपाटांतून बाहेर आली, मोडी वाचणारी माणसं शोधली गेली, पणजोबाच्या नावापुढे कुठल्या हेडमास्तरने जातीच्या रकान्यात काय लिहिलं यावर पणतूचं आरक्षण ठरायला लागलं. तेव्हा शाळेच्या कागदाचं वजन काय असतं ते मराठी माणसाला वेगळं सांगायला नको.

पण त्या कागदात आणि आताच्या पोर्टलात एक फरक आहे. जनरल रजिस्टर शाळेच्या लोखंडी कपाटात असायचं. कुणाला बघायचं तर हेडमास्तरांसमोर उभं राहून अर्ज करावा लागायचा, आणि कोण आलं होतं, कशाला आलं होतं, हे गावात संध्याकाळपर्यंत सगळ्यांना माहीत. आता कोण बघतंय ते मलाच दिसत नाही तर पालकांना काय दिसणार.

हे नंबर आले कशाला ते आठवतं का? मुलांचं भलं करायला म्हणून नव्हे, शाळांची चोरी पकडायला. नांदेडला श्रीकर परदेशी कलेक्टर असताना तिथे पटपडताळणी झाली, बोगस पट उघडा पडला, आणि मग ऑक्टोबर २०११ मध्ये सरकारने राज्यभर एकाच वेळी तीन दिवस पटपडताळणी केली, पोरांच्या बोटांना मतदानासारखी शाई लावली की एकच पोर दोन शाळांत मोजलं जाऊ नये. कागदावर पोरं दाखवून शिक्षकांची पदं, अनुदान, खिचडीचा तांदूळ, सगळं उचलणाऱ्या संस्था होत्या, त्यांचं पितळ उघडं पडलं, उत्तमच झालं. त्यानंतर २०१५ ला सरल आलं, मग त्याला आधार जोडलं, मग आधार व्हॅलिड असलेल्या मुलांवरच संचमान्यता करायची, म्हणजे शाळेला शिक्षकांची पदं द्यायची, असं निघालं. शिक्षक संघटना ओरडल्या आणि बरोबर ओरडल्या, कारण पोर वर्गात बसलंय, खिचडी खातंय, पाढे म्हणतंय, आणि मशीन म्हणतंय की इनव्हॅलिड, म्हणून त्याच्यासाठी शिक्षकाचं पद मोजायचं नाही. देशपातळीवरही तसंच झालं, आधी पटाचे आकडे २६ कोटींच्या वर असायचे, एकेका मुलाची नोंद सुरू झाल्यावर २०२३-२४ ला ते २४.८ कोटींवर आले, आणि मंत्रालयानेच सांगितलं की मोजायची पद्धत बदलल्यामुळे आधीच्या आकड्यांशी थेट तुलना करू नका. आता यातली बोगस किती, खरोखर शाळा सुटलेली किती, आणि नुसती नाव जुळलं नाही म्हणून गळलेली किती, हे आकड्यावरून कळत नाही.

नाव न जुळणं म्हणजे काय भानगड असते ते जरा जवळून सांगते, कारण बाहेरच्यांना वाटतं स्पेलिंगची तर चूक, त्यात काय एवढं.

आमच्या शाळेत चौथीला एक पोरगी आहे. हुशार आहे, भागाकार तोंडी करते. जनरल रजिस्टरला आडनाव, नाव, वडिलांचं नाव असं आहे. आधार काढलं ते कुठल्याशा कॅम्पमध्ये, तिथल्या पोराने ऐकू आलं तसं इंग्रजीत टाईप केलं, त्यात एक अक्षर खाल्लं, वडिलांचं नाव टाकलंच नाही आणि जन्मतारीख १ जानेवारी. शाळेत तारीख सप्टेंबरची. पोर्टलवर टाकलं की मिसमॅच. अपारला शाळेतलं नाव आणि आधारवरचं नाव तंतोतंत जुळावं लागतं. मग दुरुस्त काय करायचं? जनरल रजिस्टरला खाडाखोड चालत नाही, त्यासाठी वरची मंजुरी लागते, पुरावे लागतात. बरं, आधार दुरुस्त करू, तर त्याला जन्माचा दाखला पाहिजे. पोरगी जन्मली कुठे तर ऊसतोडीला गेल्यावर कर्नाटकात, तिथल्या सरकारी दवाखान्यात. दाखला आहे, आईने प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळून जपून ठेवलाय, तो कानडीत आणि इंग्रजीत, आणि बाळाच्या नावाच्या रकान्यात काहीच नाही, कारण बारसं व्हायच्या आधीच नोंद झाली. नाव नंतर घालता येतं, पंधरा वर्षांपर्यंत घालता येतं, पण जिथे नोंद झाली तिथे जाऊन. आता ती बाई रोजंदारी बुडवून कर्नाटकात जाणार आणि कानडीत सांगणार की माझ्या पोरीचं नाव घाला? तालुक्याच्या सेंटरवर ती जाऊन आली, एकदा सर्व्हर डाऊन, एकदा टोकन संपलेले, एकदा ऑपरेटर म्हणाला आधी जन्मदाखल्यावर नाव आणा. मला येऊन म्हणाली, बाई, तुम्हीच तिकडं काहीतरी करा की, तुमच्याकडं कॉम्प्युटर आहे.

माझ्याकडे कॉम्प्युटर आहे आणि त्यात मला फक्त भरता येतं.

माझा सगळा मुद्दा हाच आहे. ही सगळी ऑफिसं एकमेकांना जोडली म्हणतात, पण जोडलीत ती बघायला, दुरुस्त करायला नाही. शाळेची माहिती आधारशी जुळते का हे मशीनला चुटकीसरशी कळतं, पण जुळत नाही म्हटल्यावर जन्मनोंदणीवाले, आधारवाले आणि शाळा यांनी आपसात बघून मिटवावं असं कुठेही नाही, तिथे मात्र त्या माऊलीनेच फाईल बनून एका टेबलावरून दुसऱ्या टेबलावर जायचं. माहिती एका क्लिकवर दिल्लीला जाते, चूक दुरुस्त करायला माणूस पायी जातो. हे जोपर्यंत असंच आहे तोपर्यंत बालवाडीपासून नोकरीपर्यंत माणसाच्या सगळ्या नोंदींचा एकच धागा, असं कुणी म्हटलेलं ऐकलं की मला पहिल्यांदा हेच मनात येतं की पहिल्या गाठीलाच चुकलं तर ते नोकरीपर्यंत चुकलेलंच जाणार, आणि तेव्हा १ जूनवाल्या गुरुजींसारखं दोष द्यायला निदान एक माणूस तरी नसेल.

आता धाग्याचं खालचं टोक बघा. आमच्या शाळेच्या आवारातच अंगणवाडी आहे, भिंतीला भिंत लागून. तिथल्या ताई १ मार्च २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर भरतात, प्रत्येक लेकराचं वजन, उंची, कोण मध्यम कुपोषित, कोण तीव्र. त्याच वर्षी राज्यभर सेविकांनी सरकारने दिलेले मोबाईल परत केले होते आठवतंय का, फोन हँग होतात, ॲप इंग्रजीत, भरायचं कसं म्हणून. आता २०२५ च्या जुलैपासून घरी न्यायचा आहार देताना आईचा चेहरा फोनने ओळखायचा, रेंज नसली की ताई शेवग्याच्या झाडाखाली फोन वर धरून उभ्या. तर हे सगळं भरून झाल्यावर जूनमध्ये ते लेकरू माझ्याकडे पहिलीत येतं, आणि ते तिसऱ्या वर्षी तीव्र कुपोषित होतं हे मला कसं कळतं? ताईंना विचारून. भिंतीपलीकडून. माहिती दिल्लीपर्यंत गेली पण भिंतीच्या अलीकडे आली नाही. मला ती खरंच हवी असते, अशा पोराला मी सकाळी आधी काहीतरी खायला देईन, पुढच्या बाकावर बसवेन, पण मग मला हेही वाटतं की ही नोंद वीस वर्षांनी कुठल्या कंपनीच्या माणसाला दिसायची काय गरज आहे? अजिबात नाही. अपारमध्ये ती आज आहे असं मी म्हणत नाही, अपारमध्ये निकाल, प्रमाणपत्रं, खेळाबिळातलं यश असं ठेवायचं म्हणतात. पण एकदा सगळीकडे नंबर एकच झाला की दोन ठिकाणची माहिती जोडायला फक्त एक आदेश लागतो.

वरच्या टोकाला फायदे आहेत, तेही सांगते. २०२१ ला क्रेडिट बँक आली, कॉलेजचे क्रेडिट, म्हणजे पूर्ण केलेल्या विषयांचे गुणांक, तिथे जमा, डिग्री डिजिलॉकरला. आमच्या वेळी मार्कलिस्टच्या झेरॉक्सवर सही-शिक्का घ्यायला राजपत्रित अधिकाऱ्याच्या दारात ताटकळायचो, ते गेलं तर आनंदच आहे. बोगस डिग्रीवाले पकडायलाही बरं. आणि अठराच्या पुढचं पोर स्वतःच्या फोनवरून स्वतः शेअर दाबतंय तर माझी काही तक्रार नाही. तक्रार आहे ती अठराच्या आतल्यांची. सही आईबापाची, माहिती पोराची, आणि पोर मोठं झाल्यावर त्याला परत विचारणारं कुणी नाही. आधारच्या खटल्यात सुप्रीम कोर्टाने २६ सप्टेंबर २०१८ ला सांगितलं की शाळाप्रवेशाला आधार सक्तीचं करता येणार नाही, ६ ते १४ वयाचं शिक्षण हा हक्क आहे, ती सरकारने दिलेली खिरापत नव्हे, आणि मूल सज्ञान झालं की बाहेर पडायची मुभा त्याला असली पाहिजे. त्याप्रमाणे २०१९ च्या दुरुस्तीत सोय झाली की अठरा पूर्ण झाल्यावर सहा महिन्यांच्या आत आधार रद्द करायचा अर्ज करता येतो. सहा महिने! बारावी, सीईटी, ॲडमिशन, होस्टेल, यातच तर ते सहा महिने जातात. तुमच्या ओळखीत कुणी केलाय का असा अर्ज? ही सोय आहे हे तरी किती जणांना माहितेय?

अपार ऐच्छिक आहे, हे मंत्रालय सांगतं, फॉर्मही संमतीचाच आहे, संमती मागेही घेता येते. फक्त तिथेच पुढे असंही आहे की मागे घेईपर्यंत जी माहिती वापरली गेली तिला त्याने फरक पडणार नाही. म्हणजे कारखान्याच्या गव्हाणीत पडलेला ऊस परत मागायचा नाही. आणि ऐच्छिक म्हणजे कसं, तर डिसेंबर २०२४ मध्ये ९ आणि १० तारखेला देशभर मेगा अपार दिवस ठेवले. ऐच्छिक गोष्टीचा कधी मेगा दिवस असतो का? जानेवारी २०२५ ला मेडिकलच्या नीट परीक्षेच्या फॉर्मच्या वेळी परीक्षा घेणाऱ्या एनटीएने अपार आयडी वापरा म्हणून सूचना काढली, पालकांची धावपळ उडाली, मग काही दिवसांनी खुलासा की सक्ती नाही. ग्रुपवर शाळानिहाय टक्केवारीची यादी पडते तेव्हा ज्या शाळेचे पालक नको म्हणाले आणि ज्या शाळेने कामच केलं नाही, दोघंही एकाच लाल रंगात असतात. ‘पालकांनी नकार दिला’ असा रकाना त्या यादीत मी तरी पाहिलेला नाही. तो नसेल तर कुठला हेडमास्तर नकार घेऊन ठेवेल, सांगा बरं?

अमेरिकेत हे प्रकरण आपल्या आधी झालंय. तिथे याला पी-ट्वेंटी-डब्ल्यू म्हणतात, बालवाडीपासून कॉलेज आणि पुढे नोकरी. केंद्र सरकारने २००५ ला पहिल्यांदा १४ राज्यांना पैसे दिले, मंदीनंतर २००९ च्या पॅकेजमध्ये आणखी २५ कोटी डॉलर. शाळेची माहिती, कॉलेजची माहिती, आणि तिथे मालकांना दर तिमाहीला कामगारांच्या पगाराची माहिती बेकारी विम्यासाठी राज्याला द्यावी लागते, ती, असं सगळं एकमेकांना जोडायचं. प्रश्न चांगले विचारतात, सरकारी बालवाडीत गेलेली पोरं पुढे टिकतात का, नर्सिंग केलेल्यांना त्याच राज्यात काम मिळतं का, केंटकीसारखी राज्यं त्याचे अहवाल उघडपणे टाकतात. आपल्याकडे आयटीआयच्या कुठल्या ट्रेडच्या पोराला तीन वर्षांनी काय पगार पडतो हे असं कुणी सांगितलं तर दहावीच्या पालकांना किती कामाचं होईल! पण मला जास्त महत्त्वाचं हे वाटलं की तिथे २००८ च्या कायद्याने केंद्र सरकारला कॉलेजच्या एकेका विद्यार्थ्याची देशव्यापी यादी बनवायलाच बंदी घातलीय, जे आहे ते राज्याराज्यात, आणि अभ्यास करणाऱ्यांना साधारणपणे नावं काढून माहिती मिळते. मेरीलँडने तर २०१० मध्ये कायदा करून याच कामासाठी वेगळं केंद्र काढलं. शंभर पोरांचं काय झालं हे कळायला त्या शंभरांची नावं लागत नाहीत ना. आपण नेमकं उलटं सुरू केलंय, आधी प्रत्येकाला नंबर, प्रश्न काय विचारायचा ते नंतर बघू.

आणि तिथेही घोटाळे झालेच. इनब्लूम म्हणून एक योजना होती, गेट्स आणि कार्नेगीच्या पैशाने, १० कोटी डॉलरची, पालकांनी एवढी बोंब ठोकली की न्यूयॉर्क राज्याने कायदाच केला आणि २०१४ ला तिने गाशा गुंडाळला. ते एक वेळ सोडा. फ्लोरिडात पॅस्को नावाच्या काउंटीत काय झालं ते वाचून मी हादरले. तिथल्या शेरीफच्या ऑफिसने, म्हणजे पोलिसांनीच, शाळेतले मार्क, गैरहजेरी, आणि बालकल्याण खात्याकडची माहिती, घरात मारहाण झाली होती का वगैरे, हे एकत्र करून पुढे गुन्हेगार होऊ शकतील अशा चारशेच्या वर मुलांची यादी बनवली होती. पोरांना माहीत नाही, आईबापांना माहीत नाही. २०२० मध्ये तिथल्या पेपरने बाहेर काढलं तेव्हा कळलं. ही माहिती कुणी चोरली नव्हती, शाळेने मुलांच्या सोयीसाठी म्हणून दिलेली माहिती एका ऑफिसातून दुसऱ्या ऑफिसात रीतसर गेली होती. आता माझा वर्ग डोळ्यापुढे आणा. निम्मी पोरं दरवर्षी चार-पाच महिने गैरहजर, मार्क कमी, घरात वडिलांची दारू. अशा चाळणीत टाकली तर सगळीच्या सगळी लाल निघतील, आणि त्यांचा गुन्हा काय तर आईबाप ऊस तोडायला गेले. ज्यांना पूर्वी जन्मानेच गुन्हेगार ठरवलं होतं त्या जमातींचीही पोरं आमच्या वर्गात बसतात, त्यांच्या आज्यांना विचारा यादीत नाव असणं म्हणजे काय ते.

इंग्लंडमध्ये त्याहून विचित्र. शाळा-कॉलेजच्या २.८ कोटी मुलांच्या नोंदींचा साठा, शिक्षणसंस्थांना आणि शिकवणाऱ्या कंपन्यांना वापरायला दिलेला, आणि २०२० मध्ये उघड झालं की त्यातल्या एका कंपनीमार्फत तो ऑनलाईन जुगारवाल्यांकडे वय तपासायला वापरला जात होता. सरकारी खात्याला २०२२ ला ताकीद मिळाली. ताकीद!

आपल्याकडे सरकारच्या ऑनलाईन शिक्षणाच्या दीक्षा ॲपचं २०२३ मध्ये बाहेर आलंच की, क्लाऊडवरचा साठा वर्षभराहून जास्त काळ उघडा पडलेला, दहा लाखांहून जास्त शिक्षकांची नावं-नंबर आणि सहा लाखांच्या आसपास विद्यार्थ्यांची माहिती त्यात. कायदा आता आपल्याकडेही झालाय, ऑगस्ट २०२३ चा, अठराच्या आतल्याची माहिती वापरायची तर पालकांची खात्रीशीर संमती पाहिजे, मुलांचा माग काढायचा नाही, नियम तोडले तर २०० कोटींपर्यंत दंड. ऐकायला झकास. पण सरकारला सूट देता येईल अशी कलमं त्यातच आहेत, आणि नोव्हेंबर २०२५ ला नियम आले त्यात शिक्षणसंस्थांना शैक्षणिक कामापुरता आणि सुरक्षेसाठी माग काढायची मोकळीक आहे. शैक्षणिक काम म्हणजे काय ते ज्याने त्याने ठरवायचं.

मला विचाराल तर फार मोठं काही नको. माझ्या मुलाची नोंद कोणत्या ऑफिसने कधी उघडली हे पालकाच्या फोनवर दिसू दे, बँक शंभर रुपये गेले तरी मेसेज करते, मग हे का नाही जमणार. नाव-तारखेतली चूक हेडमास्तरांनी कागद बघून, सही करून दुरुस्त केली की ती सगळीकडे आपोआप बदलावी, त्या बाईला कर्नाटकात पाठवू नका. अठरा पूर्ण झाल्यावर पोराला स्वतःला विचारा, ठेवू का पुसू, आणि त्यासाठी सहा महिन्यांची घाई नको. आणि ते नोकरभरतीवाले पहिलीच्या फॉर्ममधून काढून टाका, त्यांना माहिती हवी असेल तर त्यांनी उमेदवाराकडे मागावी, जसं आजवर मागत आलेत. हजेरी आणि कुपोषणाची नोंद पोलिसांच्या जवळपासही फिरकू नये हे तर कायद्यातच लिहून ठेवा, आदेशावर सोडू नका.

मागच्या पालक सभेला मी तो फॉर्म सगळा मोठ्याने मराठीत वाचून दाखवला. अर्धे लोक मोबाईलमध्ये होते, पण एजन्सीचं वाक्य आलं तेव्हा एका आजोबांनी हात वर केला. म्हणाले, म्हणजे मुकादमाला पण दिसंल का? सगळे हसले. मी नाही हसले, कारण नाही म्हणायला माझ्याकडे कुठला कागद नव्हता. काहींनी तरीही सही केली, शिष्यवृत्ती अडायला नको म्हणून, दोघं-तिघं म्हणाले विचार करून सांगतो. एका आईने आधी दिलेली संमती मागे घ्यायची म्हणून साध्या कागदावर अर्ज लिहून दिलाय, खाली अंगठा नाही, झोकात सही. तो अर्ज पुढे कुणाच्या टेबलावर द्यायचा हे मी केंद्रप्रमुखांना विचारलं, त्यांनी तालुक्याला विचारलं, तालुक्याने सांगितलंय की मार्गदर्शन मागवलंय. तोपर्यंत मी तो आवक रजिस्टरला चढवून ठेवलाय, जावक क्रमांकाची जागा मोकळी सोडून.